खांद्यातला खडू



सरांच्या टेबलाच्या डाव्या खणात कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा असे. प्लास्टर निघालं, टाके निघाले, माणूस घरी निघाला की सर त्याच्या हातात एक कार्ड ठेवत. त्यावर दवाखान्याचा पत्ता त्यांनी स्वतःच्या अक्षरात आधीच लिहिलेला असे. ‘वर्षानं टाका. हात कसा आहे, काय जमतं, काय जमत नाही, दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या.’ मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नुकताच लागलो होतो. बाहेर बाकावर एवढी माणसं ताटकळत असताना सर यात वेळ का घालवतात, हे मला कळत नसे. निम्मी कार्डं परत येतच नसत. जी येत ती सर केसपेपरला टाचणीनं लावत. त्यांतलं एक मला अजून आठवतं. ‘हात सरळ झाला. म्हशीची धार काढता येत नाही.’ एवढंच. एक्स-रेत हाड सुरेख जुळलेलं होतं. तरी तो केसपेपर पुढे आठवडाभर सरांच्या टेबलावर पडून होता.

त्यांच्या स्मरणार्थ बोलायला उभा राहताना मी विषय मुद्दाम लहान निवडला आहे. खांद्याच्या कंडरेत साठणारं कॅल्शियम. एक्स-रेत तांदळाच्या दाण्याएवढा, कधी हरभऱ्याएवढा दिसणारा पांढरा ठिपका. त्यानं कुणाचा जीव जात नाही. पण माणसाची झोप जाते, हात जातो, कधी रोजगारही जातो.

गेल्या पावसाळ्यात पहाटे एक बाई आल्या. वय शेहेचाळीस, घरून डबे देतात, रोजच्या शंभराच्या वर पोळ्या. डाव्या हातानं उजवा हात कोपराखाली धरून, तान्ह्या मुलाला सांभाळावं तशा खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. नर्सला बाही वर करू देईनात. दोन वर्षं थोडंथोडं दुखतच होतं, असं त्यांचे यजमान सांगत होते. दांडीवर कपडे टाकताना कळ यायची, अंबाडा घालताना हात मागे जायचा नाही, उजव्या कुशीवर झोप लागायची नाही. त्याला कुणी फ्रोजन शोल्डर म्हणालं, कुणी मानेचा आजार. आणि परवा रात्रीपासून एकाएकी असा ठणका लागला की बाळंतपणाच्या कळा बऱ्या वाटाव्यात. हे शेवटचं बाईंचं वाक्य.

एक्स-रेत दंडाच्या हाडाच्या गोल माथ्यावर ढगासारखा पांढुरका डाग होता. कडा पुसट. ‘डॉक्टर, हे काय वाढलंय?’ त्यांच्या मनात गाठ होती, हे उघड होतं. मी म्हटलं, ‘वाढलेलं नाही, ताई. विरघळायला लागलंय. म्हणूनच एवढं दुखतंय.’ त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. सगळ्यात जास्त दुखतं ते बरं व्हायला लागल्यावर, हे कुणालाही उलटंच वाटणार.

ते का, हे सांगायला खांद्याच्या आत जावं लागेल. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. चेंडू बशीतून घसरू नये म्हणून खवाट्यावरून निघालेले चार स्नायू पुढून, वरून, मागून त्याला आवळून धरतात. त्यांच्या कंडरांची मिळून जी झूल होते तिला आम्ही रोटेटर कफ म्हणतो. वरच्या स्नायूचं नाव सुप्रास्पायनेटस. त्याची कंडरा खवाट्याच्या पुढे आलेल्या हाडाच्या छपराखालून, अगदी चिंचोळ्या जागेतून जाते. हात बाजूनं वर उचलताना साधारण 60 ते 120 अंशांच्या मध्ये ती त्या छपराला सगळ्यात जवळून जाते. कॅल्शियम बहुतेक वेळा नेमकं याच कंडरेत, हाडाला चिकटते त्या टोकापासून एक-दीड सेंटिमीटर अलीकडे साठतं. दुखणं मात्र तिथं जाणवत नाही, दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं. त्यामुळे माणूस दंड चोळत बसतो. तीस ते साठ या वयात हे जास्त दिसतं आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक.

आता एक गैरसमज इथंच निकालात काढतो, कारण त्यानं आपल्याकडे फार नुकसान केलं आहे. या कॅल्शियमचा तुमच्या दुधाशी, नाचणीशी किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांशी संबंध नाही. पानाला लावलेल्या चुन्याशीही नाही. या लोकांच्या रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर ते सर्वसाधारणच असतं. मधुमेह आणि थायरॉइडच्या तक्रारी असणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो, एवढं दिसून आलं आहे. खांद्यात कॅल्शियम झालंय म्हणून वर्षानुवर्षं दूध सोडलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. खांद्यातला ठिपका होता तसाच राहिला आणि मनगटाचं हाड साध्या पडण्यानं मोडलं. तसंच उपाशीपोटी लिंबाचं पाणी घेऊन तो ठिपका विरघळत नाही. हाडाला लागणारं कॅल्शियम हाडाला मिळू द्या.

मग ते येतं कुठून? या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेल्या एका माणसाची ओळख मला आज करून द्यायची आहे. अर्नेस्ट एमरी कॉडमन. जन्म 1869, बोस्टन. एक्स-रेचा शोध ताजा होता तेव्हा बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात क्ष-किरण चित्रं काढण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यविशारद झाले. खांदेदुखीला तोवर डॉक्टर एक मोघम नाव देऊन मोकळे होत. 1872 साली फ्रान्समध्ये द्युप्ले यांनी सांध्याभोवतीचा दाह अशी तिची मांडणी केली होती आणि त्या एका पिशवीत सगळ्या खांदेदुख्या कोंबल्या जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खांद्यातले पांढरे ठिपके एक्स-रेत दिसू लागले. ते कंडरेवरच्या द्रवाच्या पिशवीत आहेत, असं सगळे समजत होते. कॉडमन यांनी खांदे उघडून दाखवलं की कॅल्शियम पिशवीच्या तळाखाली, प्रत्यक्ष कंडरेत आहे. 1934 साली त्यांनी ‘द शोल्डर’ हा ग्रंथ स्वतःच्या खर्चानं छापला. आज आपल्याकडे घराघरांत ऐकू येणारा ‘फ्रोजन शोल्डर’ हा शब्द त्यांचाच, त्याच ग्रंथातला. फिजिओथेरपिस्ट तुम्हाला कमरेतून वाकून, एक हात टेबलावर टेकवून दुखरा हात लंबकासारखा सोडायला लावतात, तोही कॉडमन यांचाच व्यायाम.

पण मी आज त्यांचं नाव घेतो आहे ते त्यांच्या दुसऱ्या ध्यासासाठी. प्रत्येक रुग्णालयानं आपल्या प्रत्येक रोग्याचा पाठपुरावा करावा, उपचाराचा शेवटी परिणाम काय झाला ते पाहावं, गुण आला नसेल तर का आला नाही ते लिहावं आणि सगळं जाहीर करावं, असं ते म्हणत. या कल्पनेला त्यांनी ‘एंड रिझल्ट’ असं नाव दिलं होतं. आज हे ऐकताना यात विशेष काय, असं वाटेल. तेव्हा बोस्टनच्या वैद्यकविश्वाला ते झोंबलं. रुग्णालयात बढती सेवाज्येष्ठतेवर मिळे, निकालावर नाही. त्याचा निषेध म्हणून कॉडमन यांनी 1914 मध्ये राजीनामा दिला. जानेवारी 1915 मध्ये एका भरसभेत त्यांनी एक मोठं व्यंगचित्र उघडून दाखवलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग, म्हणजे शहरातली श्रीमंत वस्ती, डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडतो आहे. सभेत गदारोळ झाला. स्थानिक वैद्यकीय संस्थेतलं त्यांचं अध्यक्षपद गेलं, मित्र तुटले, मिळकत आटली.

त्याआधीच, 1911 मध्ये, त्यांनी स्वतःचं लहानसं रुग्णालय काढलं होतं. तिथून 1911 ते 1916 या काळात बरे होऊन किंवा न होता घरी गेलेल्या 337 रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला. त्यात 123 चुका स्वतः नोंदवल्या आणि ते पुस्तक देशभरच्या रुग्णालयांना पाठवलं. मी हे पहिल्यांदा वाचलं ती रात्र मला आठवते. एका शल्यविशारदानं आपल्याच रुग्णालयातल्या 123 चुका छापून देशभर पाठवाव्यात, याला जे धैर्य लागतं ते माझ्याजवळ आहे का, असं मी स्वतःला विचारत होतो. 1940 मध्ये कॉडमन वारले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसवला गेला 2014 साली.

माझ्याही चुकीची अशी एक नोंद आज इथं सांगणं सरांना आवडलं असतं. वीसेक वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आले. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहिता येत नव्हतं. एक्स-रेत घट्ट, रेखीव कडांचा ठिपका. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून मी तो काढला. आत कोरडं, खडूच्या भुकटीसारखं द्रव्य होतं. नंतरचा एक्स-रे स्वच्छ आला. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून मी त्यांना दाखवल्या आणि पुढे कितीतरी सभांतून, कितीतरी विद्यार्थ्यांनाही दाखवल्या. तीन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत ते भेटले. मी खांद्याचं विचारलं. ते म्हणाले, ‘आता बरा आहे. पण ऑपरेशननंतर दीड वर्ष फळ्याच्या खालच्याच भागावर लिहीत होतो.’ मी विचारलं, मग आला का नाहीत? ते म्हणाले, ‘तुम्ही फोटो बघून इतके खूश होता, तुम्हाला काय सांगायचं?’ त्या पंगतीत मला पुढचा घास गेला नाही. फोटो त्यांचा होता, समाधान माझं होतं आणि दीड वर्षाचं दुखणं त्यांनी एकट्यानं काढलं होतं.

फोटो आणि दुखणं यांचं गणित किती सैल आहे, हे 1941 मध्येच कळलं होतं. न्यू यॉर्कमध्ये बॉसवर्थ यांनी एका विमा कंपनीच्या सहा हजारांवर कर्मचाऱ्यांचे, म्हणजे बारा हजारांवर खांदे तपासले. हे लोक कामावर येणारे, धडधाकट. त्यांतल्या 2.7 टक्क्यांच्या खांद्यांत कॅल्शियम सापडलं आणि पुष्कळांना त्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे ठिपका दिसला म्हणून दुखण्याचं कारण तोच, असं म्हणता येत नाही. मानेतून येणारी कळ, फाटलेली कंडरा, आखडलेला सांधा यांच्या शेजारीही तो निमूट बसलेला असू शकतो. डावा खांदा चालताना, जिना चढताना दुखत असेल आणि थांबल्यावर राहत असेल, तर खांद्याचा एक्स-रे बाजूला ठेवून आधी हृदय तपासायला हवं.

ठिपक्याचं आयुष्य नीट उलगडून दाखवलं ते कॅनडातल्या ओटावाच्या हान्स उथॉफ यांनी. कॉडमन यांना वाटत होतं की कंडरा झिजते, तिथलं रक्त कमी पडतं आणि मेलेल्या जागी चुना साठतो. उथॉफ म्हणाले, हे मरण नाही, जिवंत पेशींचं काम आहे. कंडरेतल्या काही पेशी कूर्चेच्या पेशींसारख्या होतात आणि त्या कॅल्शियमचे कण साठवू लागतात. हा खडूचा काळ. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षंही चालतो, आणि त्यात दुखणं बेताचं असतं किंवा नसतंच. मग एके दिवशी शरीर त्या ठिपक्याकडे वळतं. भोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात, भक्षक पेशी येतात, खडूची लापशी होऊ लागते. कंडरेच्या आत दाब वाढतो आणि तो भयंकर ठणका लागतो. एक्स-रेतल्या रेखीव कडा पुसट होऊन ढग दिसतो तो याच वेळी. लापशी शोषली गेली की त्या जागी पुन्हा कंडरा भरून येते. हे सुरू का होतं आणि त्याच दिवशी का वळतं, हे कोडं अजून सुटलेलं नाही. पण वळतं, हे खरं. अशा वेळी खांदा गरम लागतो, हात हलवू देत नाही. ताप असेल, मधुमेह असेल, तर सांध्यात पू तर झाला नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

डबेवाल्या ताई याच टप्प्यात आल्या होत्या. मी जागा बधिर केली, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई ढगाच्या मधोमध नेली आणि सलाईन हलकेच आत सोडून दट्ट्यावरचा अंगठा उचलला. सिरिंजमध्ये दूध उतरावं तसा पांढरा लोट उतरला. पुन्हा सोडलं, पुन्हा आला. पाच-सहा वेळा. सिरिंज मी ट्रेमध्ये उभी करून ठेवली. दोन मिनिटांत, चुन्याची निवळी करताना बसतो तसा, तळाला पांढरा साका बसला आणि वरचं पाणी स्वच्छ झालं. ताई मान वळवून एकटक त्याकडे बघत होत्या. शेवटी छपराखालच्या पिशवीत स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. दुपारी त्या दवाखान्याच्याच खाटेवर झोपल्या. दोन रात्रींनंतर.

ही गोष्ट इथं थांबवणं मला सोपं आहे. पण सरांचं पोस्टकार्ड आडवं येतं. वर्षानं काय?

या आजारावरच्या बऱ्याच उपचारांना हा प्रश्न विचारला गेला आहे, आणि उत्तरं विचार करायला लावणारी आहेत. 1999 मध्ये व्हिएन्नात अल्ट्रासाउंडचा शेक, जो आपल्या प्रत्येक फिजिओथेरपी केंद्रात मिळतो, तो खरा आणि नुसता दिल्यासारखा असा दोन गटांना देऊन पाहिला. उपचार संपताना खऱ्या शेकाचा गट पुढे होता. नऊ महिन्यांनी दुखण्यातला फरक जवळजवळ मिटला होता. इटलीत सुईनं ठिपका धुतलेले 219 रुग्ण आणि सुई न घेतलेले 68 यांची दहा वर्षं नोंद ठेवली. पहिल्या वर्षी सुईवाले स्पष्टपणे बरे होते. पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी दोन्ही गट सारखे. आणि 2023 मध्ये नॉर्वे-स्वीडनमधल्या सहा रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणारे 220 लोक, तीन गट. एकाला धुणं आणि स्टिरॉइड, दुसऱ्याला धुण्याचा नुसता देखावा पण स्टिरॉइड खरं, तिसऱ्याला सगळाच देखावा. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. स्टिरॉइड मिळालेल्यांना पहिले काही आठवडे जास्त आराम पडला. चार महिन्यांनी तिन्ही गट सारखे. दोन वर्षांनीही सारखे.

हा अभ्यास वाचून मी अस्वस्थ झालो. वर्षानुवर्षं मनापासून करत आलेली गोष्ट देखाव्याच्या पुढे टिकत नाही, हे पचवणं सोपं नसतं. पण त्यातून मी जे घेतलं ते सांगतो. जुनं, सोसवणारं दुखणं असेल तर घाईनं सुई नको. बराचसा गुण शरीराच्या स्वतःच्या घडामोडीचा असतो आणि तो आपण आपल्या नावावर जमा करतो. ताईंसारखा विरघळतानाचा तीव्र ठणका ही मात्र निराळी गोष्ट. तिथं लापशी काढून दाब उतरवणं मला आजही योग्य वाटतं, कारण त्या माणसाचा प्रश्न दोन वर्षांनंतरचा नसतो, आजच्या रात्रीचा असतो.

म्हणून आता माझा क्रम साधा आहे. पहिल्यांदा मी माणसाला ठिपका काय आहे ते नीट समजावतो. गाठ नाही आणि हात निकामी होणार नाही, हे कळलं की निम्मी भीती जाते आणि हात थोडा सैल पडतो. वेदनाशामक थोडे दिवस, मूत्रपिंड आणि पोट सांभाळून. झोळी दोन-चार दिवसांपलीकडे नको, नाहीतर खरोखरच खांदा आखडतो. मग कॉडमन यांचा लंबक आणि हळूहळू खवाट्याच्या स्नायूंची ताकद वाढवणं. एखादं स्टिरॉइडचं इंजेक्शन. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, ते आधी सांगून. पुन:पुन्हा मात्र नाही.

काही महिने उलटूनही घट्ट ठिपका दुखतच राहिला, तर शॉकवेव्हचा विचार करतो. मूतखडा फोडण्यासाठी 1980 साली म्युनिकमध्ये माणसावर पहिल्यांदा वापरलेलं हे तंत्र, विमानं बांधणाऱ्या डॉर्निए कंपनीच्या प्रयोगांतून निघालेलं. खांद्यावर त्याचा जास्त चांगला परिणाम दिसला तो जोरकस लहरींचा, 2003 मध्ये छापलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन अभ्यासात. सौम्य लहरींच्या दहा-दहा बैठकांची पॅकेजं आज गल्लोगल्ली विकली जातात, त्यांचा या निकालांशी संबंध जोडणं मला मान्य नाही. पैसे भरण्याआधी विचारा की कोणतं यंत्र, किती जोराच्या लहरी आणि सहा महिन्यांनी काय अपेक्षित आहे. उत्तर मिळालं नाही तर घरी जा. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, आणि त्या शिक्षकांची गोष्ट सांगूनच.

पोस्टकार्डं आता कुणी टाकत नाही. मी एक वही ठेवली आहे, तारखेनिशी, आणि फोन करतो. परवा डबेवाल्या ताईंना वर्ष झालं. फोन उचलताच त्या म्हणाल्या, ‘एक मिनिट हं, तवा खाली ठेवते.’ मग सावकाश सांगितलं. दांडीवर कपडे टाकते. अंबाडा घालते. उजव्या कुशीवर झोपते. ‘फक्त पोळ्या साठाच्या पुढे गेल्या की दंड भरून येतो, डॉक्टर. मग सून उरलेल्या लाटते.’ मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. त्या उभ्यानं लाटतात की बसून आणि ओटा किती उंच आहे, हे विचारायचं राहून गेलं. उद्या दुपारी, डबे गेल्यावर, पुन्हा फोन करणार आहे.